संसाराची मोजदाद

एका शहरातले बिऱ्हाड शेकडो किलोमीटर दूरच्या दुसऱ्या शहरात हलवायचे ठरले की, ज्या वस्तूंची वर्षानुवर्षे कोणी गणती केलेली नसते त्या सगळ्या वस्तू प्रथमच मोजाव्या लागतात. आणि ही मोजणी जितके पक्ष त्यात गुंतलेले असतात तितक्या निरनिराळ्या मापांनी होते. वाहतूकदार घर घनफुटांत मोजतो, सरकारी प्रवासभत्त्याचे नियम ते किलोग्रॅममध्ये मोजतात, विमा कंपनी रुपयांत मोजते, आणि घरातली माणसे यांपैकी कोणतेच माप न वापरता ‘हे आजीचे’, ‘हे लग्नातले’, ‘हे कधीतरी लागेल’ अशा हिशेबाने सामानाकडे पाहतात. लांब पल्ल्याच्या स्थलांतरात होणारे बहुतेक तंटे, बरेचसे नुकसान आणि जवळजवळ सगळा मनस्ताप या मापांचा आपापसांत मेळ न बसल्यामुळे होतो, आणि तो मेळ घालण्याचे एकच साधन उपलब्ध असते, ते म्हणजे सामानाची यादी. खोकी, टेप आणि सुतळी बाजारात केव्हाही मिळतात. यादी मात्र घरच्यांनाच करावी लागते, आणि नेमके तेच काम शेवटच्या रात्रीवर ढकलले जाते.

महाराष्ट्रात बिऱ्हाडे हलण्याचा हंगाम ठरलेला आहे. मुलांच्या वार्षिक परीक्षा संपल्यापासून जूनमध्ये शाळा उघडेपर्यंतच्या काळात बहुतेक कुटुंबे हलतात. त्यात राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन करणाऱ्या २००५ च्या अधिनियमाने एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा ठरवून बदल्या सामान्यतः एप्रिल किंवा मे महिन्यातच व्हाव्यात अशी तरतूद केल्यामुळे या गर्दीत भरच पडते. याचा परिणाम असा की मे महिन्यात ट्रक मिळणे अवघड होते, दर चढतात, आणि अनुभवी बांधणारे दुसरीकडे गुंतलेले असल्याने नवशिकी पोरे कामावर पाठवली जातात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर दर उतरतात, पण तोवर पाऊस सुरू झालेला असतो आणि पुठ्ठ्याच्या खोक्याला पावसाइतका दुसरा शत्रू नाही.

बदलीची नोकरी करणाऱ्यांच्या बाबतीत शासनाने संसाराचे वजनच ठरवून दिलेले आहे. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये केंद्र सरकारने जे आदेश काढले, त्यांनुसार बदली झालेल्या कर्मचाऱ्याला वेतनस्तर सहा आणि त्यापुढे असल्यास ६,००० किलो, स्तर पाच असल्यास ३,००० किलो आणि स्तर चार किंवा त्याखाली असल्यास १,५०० किलोपर्यंत घरगुती सामान सरकारी खर्चाने नेता येते. शिपायाच्या घरात चार माणसे आणि अधिकाऱ्याच्या घरात दोनच असली तरी या मर्यादेत फरक पडत नाही, कारण सामान माणसांच्या संख्येने नव्हे तर पदाने वाढते असे हा नियम गृहीत धरतो. लष्करी कुटुंबांत या वारंवारच्या स्थलांतरातून सामानाची एक वेगळी शिस्तच तयार झालेली दिसते. काळ्या रंगाच्या पत्र्याच्या ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगाने रेखलेले नाव, हुद्दा आणि अनुक्रमांक, आणि प्रत्येक ट्रंकेच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आतल्या वस्तूंचा कागद ही ती पद्धत. नव्या ठिकाणी याच ट्रंकांवर गादी टाकून दिवाण होतो आणि पुढच्या बदलीपर्यंत त्यांतल्या काही उघडल्याही जात नाहीत.

एकेकाळी मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाचे बिऱ्हाड म्हणजे दोन-तीन ट्रंका, गाद्यांच्या वळकट्या, एखादा होल्डॉल, भांड्यांनी भरलेले पिंप आणि किंतानात शिवलेली गाठोडी एवढेच असे, आणि ते रेल्वेच्या पार्सलने सहज जाई. भांड्यांवर नाव घालण्याची जी चाल पितळी आणि नंतर स्टीलच्या भांड्यांबाबत घरोघरी पाळली गेली, ती लग्नकार्यात भांडी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून जितकी उपयोगी होती तितकीच अशा प्रवासातही होती. पुढे घरांत जड आणि न दुमडणाऱ्या वस्तू आल्या. गोदरेजने पोलादी कपाटे बनवायला १९२३ मध्ये सुरुवात केली. त्यानंतरच्या काही दशकांत हे कपाट लग्नाच्या सामानातला ठरलेला नग बनले, मग फ्रिज, धुलाईयंत्र, भिंतीवरचा टीव्ही आणि गुंडाळता न येणाऱ्या स्प्रिंगच्या गाद्या आल्या, आणि बिऱ्हाड हलवणे हे घरच्यांच्या आवाक्याबाहेरचे, पगारी माणसांचे काम झाले.

या व्यवसायात पहिले काम असते पाहणीचे. वाहतूकदाराचा माणूस घरी येऊन, अथवा हल्ली व्हिडिओ कॉलवर, प्रत्येक खोली पाहतो आणि सामान किती जागा व्यापेल याचा अंदाज बांधतो, कारण घरगुती सामानात वजन संपण्याच्या आधी गाडीतली जागा संपते. २००५ मध्ये बाजारात आलेली आणि लोकांनी ‘छोटा हत्ती’ असे नाव ठेवलेली टाटा एस ही गाडी शहरातल्या शहरात एका खोलीचे सामान हलवायला पुरते. लांबच्या पल्ल्यासाठी चौदा, सतरा, एकोणीस किंवा बावीस फुटी गाड्या वापरल्या जातात आणि दोन शयनगृहांचे बेताचे घर साधारणपणे चौदा ते सतरा फुटांत बसते. संपूर्ण गाडी एकाच कुटुंबासाठी घेतली तर तिला ‘फुल लोड’ म्हणतात, आणि दोन-तीन कुटुंबांचे सामान एकाच गाडीत घातले तर ‘पार्ट लोड’. दुसरा प्रकार स्वस्त पडतो, पण त्यात गाडी इतर बिऱ्हाडांचे सामान चढवत-उतरवत जाते, मधल्या एखाद्या गोदामात माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जातो, आणि नुकसानाची शक्यता धावत्या गाडीपेक्षा या चढउतारीत जास्त असते. पुण्याहून बंगळुरूला जाणारी स्वतंत्र गाडी राष्ट्रीय महामार्ग ४८ ने सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी असे करत सुमारे साडेआठशे किलोमीटरचे अंतर दोन दिवसांत आरामात तोडते. तेच सामान पार्ट लोडने गेले तर आठवडाही लागू शकतो, आणि ते आठ दिवस कुटुंबाला रिकाम्या घरात सतरंजीवर काढावे लागतात.

जागेवर पैसे मोजायचे असल्यामुळे काय न्यायचे हा प्रश्न काय बांधायचे याच्या आधी सोडवावा लागतो. येथे एक साधी कसोटी उपयोगी पडते: ती वस्तू नव्या शहरात जुन्या बाजारात घेतली तर जी किंमत पडेल, तीपेक्षा तिची वाहतूक महाग असेल तर ती मागे ठेवावी. या कसोटीवर लाकडी सामानात मोठाच फरक पडतो. सागवानी पलंग किंवा टेबल कितीही वेळा खोलून जोडले तरी त्याच्या खाचा आणि सांधे टिकतात. उलट लाकडाचा भुसा आणि राळ दाबून बनवलेल्या फळ्यांच्या, म्हणजे ज्याला दुकानदार ‘इंजिनिअर्ड वुड’ म्हणतात त्या प्रकारच्या, कपाटांमध्ये स्क्रू एकदा काढला की भोकाभोवतीचा भुसा सुटतो आणि दुसऱ्यांदा स्क्रू पकड घेत नाही. असे कपाट एका स्थलांतरात कसेबसे तग धरते, दुसऱ्यात त्याची पाठ आणि बाजू वेगळ्या होतात. तरीही कुटुंबे ते नेतात आणि पाटा-वरवंटा मागे ठेवतात, हे वजनाच्या दृष्टीने समजण्यासारखे असले तरी टिकाऊपणाच्या दृष्टीने उफराटे आहे.

बांधणी कशासाठी असते हे समजायला प्रवासात सामानावर येणारे ताण वेगवेगळे ओळखावे लागतात. पहिला ताण दाबाचा, म्हणजे वरच्या खोक्यांचे वजन खालच्यावर पडण्याचा. दुसरा आघाताचा, म्हणजे हातातून निसटणे, गतिरोधकावरून गाडी उडणे. आणि तिसरा कंपनाचा, म्हणजे शेकडो किलोमीटर सतत चालू राहणाऱ्या बारीक थरथरीचा. लोकांना धास्ती दुसऱ्याची वाटते, परंतु तिसरा अधिक खोडसाळ आहे. कंपनाने स्क्रू आपोआप सैल होतात, एकमेकांना टेकलेल्या दोन स्टीलच्या डब्यांना घासून काळे चट्टे पडतात आणि सैल भरलेल्या खोक्यातल्या वस्तू हळूहळू तळाशी खचून वर पोकळी तयार होते, जी पुढे दाब आला की खोके चेपवते. म्हणून खोके भरताना उरलेल्या जागेत चुरगाळलेला कागद किंवा जुने कपडे घट्ट ठासणे ही नुसती सवय नसून, खोक्याची ताकद त्यावरच अवलंबून असते.

पुठ्ठ्याचे खोके ज्यापासून बनते त्या नागमोडी कागदाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये या कागदाचे पेटंट घेतले गेले ते उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी. काचेच्या बाटल्या आणि दिव्यांच्या चिमण्या गुंडाळायला त्याचा उपयोग करण्याचे पेटंट अमेरिकेत अल्बर्ट जोन्स याने १८७१ मध्ये घेतले, आणि त्याला सपाट कागदाची जोड देऊन पुठ्ठा कडक करण्याची कल्पना पुढच्या तीन वर्षांत आली. बुडबुड्यांचे प्लॅस्टिक, म्हणजे आजचे बबल रॅप, हेही पॅकिंगसाठी जन्माला आलेले नव्हते. आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान या दोघांनी १९५७ मध्ये न्यू जर्सीत भिंतीला चिकटवायचा उठावदार कागद बनवण्याच्या खटपटीत ते तयार केले, आणि भिंतीवर कोणी ते लावेना तेव्हा नाजूक यंत्रे पाठवण्यासाठी त्याचा वापर सुरू झाला. पुठ्ठ्याच्या दोन सपाट कागदांमधल्या लाटा उभ्या असतील तर त्या लहान-लहान खांबांसारखा भार उचलतात, आडव्या झाल्या की सहज दबतात. त्यामुळे खोके ज्या दिशेने उभे ठेवायला बनवले आहे त्याच दिशेने ठेवावे लागते. खोक्याची बरीचशी ताकद त्याच्या चार कोपऱ्यांत असल्यामुळे एकावर एक रचताना कोपऱ्यावर कोपरा येणेही आवश्यक असते. एक नागमोडी थर असलेले तीनपदरी खोके कपड्यांना पुरते, भांडी-पुस्तकांना पाचपदरी लागते आणि काचसामान वा यंत्रांसाठी सातपदरी घेतात. मात्र कागद हवेतली ओल शोषतो आणि दमट हवेत हीच खोकी आपली निम्म्याच्या आसपास ताकद गमावतात, त्यामुळे जुलैत मुंबईत बांधून दोन दिवस जिन्याखाली ठेवलेले पाचपदरी खोके प्रत्यक्षात तीनपदरीच उरलेले असते. किराणा दुकानातून फुकट आणलेल्या जुन्या खोक्यांचेही तसेच. त्यांचे कोपरे आधीच मोडलेले असतात.

स्वयंपाकघर बांधायला सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि बांधणारा कसलेला आहे की नाही हे तिथेच कळते. काचेच्या किंवा चिनी मातीच्या ताटल्या तो एकावर एक आडव्या रचत नाही. प्रत्येक ताटली कागदाच्या मधोमध ठेवून चारही टोके आत दुमडतो आणि खोक्यात ती ग्रामोफोनच्या तबकड्यांप्रमाणे कडेवर उभी करतो, कारण आडव्या ताटलीवर दणका बसला तर तो तिच्या पातळ मध्यावर येतो आणि उभ्या ताटलीवर बसला तर तो जाड कडेकडून सरळ खाली जातो. खोक्याच्या तळाशी चुरगाळलेल्या कागदाचा चार बोटे जाड थर असतो, वर तसाच दुसरा. कपाच्या कानात कागदाची सुरळी घातली जाते, पोटात एक गोळा, मग संपूर्ण कप गुंडाळला जातो आणि तोंड खाली करून बसवला जातो. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या कपांना लागते म्हणून जाणते लोक आतल्या थराला कोरा कागद वापरतात. लोणच्याच्या बरणीचे गाऱ्हाणे निराळे: ती फुटत नाही, ती पाझरते. झाकण कितीही घट्ट असले तरी खार आणि तेल कंपनाने चढत राहतात आणि शेजारच्या खोक्यातल्या शालूपर्यंत पोहोचतात. म्हणून बरणीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा कागद ताणून त्यावर झाकण लावतात, बरणी पिशवीत बांधतात आणि स्टीलच्या डब्यात उभी करतात, किंवा त्याहून शहाणपणाने लोणचे शेजाऱ्यांना देऊन टाकतात. पुस्तकांबाबत चूक नेमकी उलटी होते. ती फुटत नाहीत म्हणून मोठ्या खोक्यात भरली जातात आणि ते खोके कोणालाच उचलवत नाही. पुस्तकांना नेहमी लहानच खोके लागते.

खोके बंद झाल्यावर त्यावर काय आणि कोठे लिहायचे हेही ठरलेले असते. वरच्या झाकणावर लिहिलेले, त्यावर दुसरे खोके आले की दिसत नाही, म्हणून क्रमांक, खोली आणि स्वरूप, उदाहरणार्थ ‘१४, स्वयंपाकघर, काच’, हे बाजूच्या दोन लगतच्या भिंतींवर लिहितात. आत काय आहे ते मात्र खोक्यावर न लिहिता फक्त यादीत लिहिणे बरे, कारण खोक्यावरचा ‘चांदीची भांडी’ हा मजकूर गाडी भरणाऱ्यांपासून ढाब्यावरच्या माणसांपर्यंत सर्वांनाच वाचता येतो.

विजेच्या उपकरणांना बांधणीइतकीच पूर्वतयारी लागते. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून, बर्फ वितळवून आणि कोरडा पुसून ठेवावा लागतो, अन्यथा प्रवासात बंद पेटीत बुरशी येते. तो उभाच न्यावा लागतो, कारण त्याच्या तळच्या कॉम्प्रेसरमध्ये वंगणाचे तेल असते, फ्रिज आडवा झाला की ते तेल गॅसच्या नळ्यांत शिरते आणि पोहोचल्याबरोबर चालू केल्यास कॉम्प्रेसर कोरडा फिरतो. उभा नेलेला फ्रिजही चालू करण्यापूर्वी काही तास स्वस्थ ठेवतात. समोरून उघडणाऱ्या धुलाईयंत्राचे पिंप स्प्रिंगांवर तरंगते असते आणि प्रवासात ते हिंदकळू नये म्हणून यंत्र नवे आले तेव्हा पाठीमागे तीन-चार लांब बोल्ट लावलेले असतात. बसवणारा ते काढून मालकाच्या हाती देतो आणि मालक ते कुठेतरी ठेवून देतो, पण बोल्टांविना शेकडो किलोमीटर गेलेल्या यंत्राचे पिंप आतून आदळून निकामी होऊ शकते. वातानुकूलन यंत्र काढताना तंत्रज्ञाने बाहेरच्या भागातली झडप बंद करून सगळा गॅस त्या भागात ओढून घ्यावा लागतो. घाईत नळीच कापली तर गॅस हवेत जातो आणि नव्या घरी तो भरण्याचा खर्च वाढतो. सपाट पडद्याचा टीव्ही उभाच जातो आणि त्याचे मूळ खोके ज्यांनी माळ्यावर जपून ठेवलेले असते त्यांचा तो अडगळीचा छंद त्या दिवशी सार्थकी लागतो.

गाडी भरणे ही स्वतंत्र कला असून ती हमालांच्या हातात आहे. मुकादम आधी जड आणि चौकोनी वस्तू, म्हणजे कपाटे, फ्रिज, धुलाईयंत्र, चालकाच्या केबिनकडच्या भिंतीला लावून घेतो, त्यांच्यापुढे खोक्यांची जमिनीपासून छतापर्यंत भिंत उभी करतो, ती दोरखंडाने आवळतो, मग दुसरी भिंत. गाद्या आणि उशा मधल्या फटींत जातात आणि लांबट, वेड्यावाकड्या वस्तू शेवटी. जिन्याच्या वळणावर पोलादी कपाट पाठीवर पट्टा टाकून एकटा माणूस तोलतो, तेव्हा खालचा दुसरा माणूस ते धरत नाही, नुसता आवाजाने वळण सांगतो, कारण दोघांनी धरले तर तोल दोघांत वाटला जातो आणि कोणाकडेच राहत नाही. अशा अंगमेहनतीच्या कामगारांना वेतन, सुट्ट्या आणि भविष्य निर्वाह निधीचे संरक्षण मिळावे म्हणून महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला आणि त्यामागे अण्णासाहेब पाटील यांनी उभारलेली माथाडींची संघटना होती. परंतु पॅकिंगच्या कंपन्यांकडून दिवसाच्या रोजावर येणारी मुले बहुधा या चौकटीच्या बाहेरच राहतात, ही या चकचकीत व्यवसायाची न बोलली जाणारी बाजू आहे.

काही वस्तू गाडीत चढवायच्याच नसतात. स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर बिऱ्हाडासोबत नेत नाहीत. तो रेग्युलेटरसह वितरकाकडे जमा करून टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे जोडणी बंद केल्याची पावती, आणि मूळ अनामत घ्यायची आणि नव्या गावी त्या पावतीवर पुन्हा जोडणी घ्यायची अशी पद्धत आहे, ज्यात जुनी अनामत जुन्या दराने परत मिळते आणि नवी चालू दराने भरावी लागते. रॉकेल, रंग, थिनर, फटाके यांना अर्थातच मज्जाव असतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत गंधकाम्ल असते, ते कलंडून शेजारच्या सामानाची राख करते, म्हणून अनेक वाहतूकदार ती घेतच नाहीत. दागिने, रोकड, खरेदीखते, शाळा सोडल्याचे दाखले आणि औषधे हातातल्या पिशवीतच असावीत. देवघरातले देवही बहुतेक घरांत गाडीत जात नाहीत. ते सर्वांत शेवटी उचलले जातात, मांडीवरून प्रवास करतात आणि नव्या घरात दूध उतू घालण्याच्या वेळी सर्वांत आधी मांडले जातात. तुळशीला मात्र बंद गाडीतले काळोखाचे चार दिवस सोसत नाहीत, त्यामुळे मंजिऱ्या कागदात बांधून नेणे हाच व्यवहार्य मार्ग.

कागदपत्रांच्या बाजूला लोकांचे सर्वांत कमी लक्ष असते आणि फसवणूक तेथेच होते. फोनवर अतिशय कमी दर सांगायचा, सामान गाडीत चढल्यावर ‘माल जास्त निघाला’ म्हणून दुप्पट रक्कम मागायची आणि ती मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवायची, हा प्रकार इतका रुळलेला आहे की नामांकित कंपन्यांच्या नावांशी मिळतीजुळती नावे घेऊन तो चालवणाऱ्यांची कमतरता नाही. यावर उतारा यादीचाच असतो. रस्ता वाहतूक अधिनियम, २००७ हा १८६५ च्या वाहक अधिनियमाची जागा घेणारा कायदा असून तो २०११ पासून अमलात आहे. त्याप्रमाणे मालवाहतूकदाराने नोंदणी करून घेतली पाहिजे, पाठवणाऱ्याने मालाचे वर्णन आणि किंमत लिहिलेली मालप्रेषण चिठ्ठी दिली पाहिजे आणि वाहतूकदाराने मालपावती, म्हणजे बोलीभाषेतली बिल्टी, दिली पाहिजे. ही पावती मालाच्या नगांचा प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. माल हरवला वा मोडला तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे ग्राहकावर नसते, पण भरपाईला मर्यादा आहे: जास्त जोखमीचा दर ठरवून घेतला नसेल, तर ती भाड्याच्या दहापटीपर्यंत आणि जाहीर केलेल्या किमतीच्या आतच मिळते. ‘घरगुती जुने सामान, एक लॉट’ एवढेच लिहिलेल्या बिल्टीवर यापैकी काहीही सांगता येत नाही, आणि दुर्दैवाने बहुतेक बिल्ट्यांवर एवढेच लिहिलेले असते.

विम्याचेही असेच. प्रवासविमा जाहीर केलेल्या किमतीवर उतरवला जातो आणि हप्ता वाचवण्यासाठी चार लाखांचे सामान दोन लाखांचे दाखवले, तर एक लाखाचे नुकसान झाल्यावर विमा कंपनी त्याच प्रमाणात पन्नास हजारच देते. याला सरासरीचे तत्त्व म्हणतात. मालकाने स्वतः भरून बंद केलेल्या खोक्यातली फूटतूट बहुधा विम्यातून वगळलेली असते, कारण आतले सामान बांधण्याआधी अखंड होते की नाही हे कोणी पाहिलेले नसते. उलट बांधणारे लोकही यादीत ‘ओरखडा’, ‘पोचा’, ‘पाय हलतो’ असे शेरे आधीच भरतात आणि घाईतला मालक न वाचता सही करतो. सही करण्यापूर्वी प्रत्येक मोठ्या वस्तूचे छायाचित्र काढणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

जकात नाके गेले आणि वस्तू व सेवा कर आला, तेव्हापासून रस्त्यातल्या अडवणुकी कमी झाल्या. आंतरराज्य मालवाहतुकीला लागणाऱ्या ई-वे बिलातून वापरलेल्या वैयक्तिक आणि घरगुती वस्तूंना सूट आहे. मात्र सामानात एखादा न उघडलेला नवा टीव्ही असेल तर त्याचे खरेदीबिल गाडीत असलेले बरे. दुचाकी अजूनही पुष्कळ लोक रेल्वेच्या पार्सलने पाठवतात, ज्यासाठी टाकीतले पेट्रोल पूर्ण काढावे लागते, गाडी गोणपाटात बांधावी लागते आणि तिच्यावर पत्त्याची पाटी लटकवावी लागते. वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ राहणार असेल तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे तेथे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, त्यासाठी जुन्या कार्यालयाचे नमुना २८ मधले ना-हरकत प्रमाणपत्र लागते, नव्या राज्याचा रस्ताकर भरावा लागतो आणि जुन्या राज्याकडून उरलेल्या वर्षांचा कर परत मागावा लागतो. या खटाटोपातून सुटका व्हावी म्हणून २०२१ मध्ये ‘बीएच’ मालिका सुरू झाली, परंतु ती सरकारी कर्मचाऱ्यांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांच्या नोकरांनाच खुली आहे.

परदेशी जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत यादीला आणखी एक काम येते: ती सीमाशुल्काचा दस्तऐवज होते. समुद्रमार्गे जाणाऱ्या वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे तेहतीस घनमीटर जागा असते आणि सामान लाकडी पेटीत असेल तर त्या लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला तीस मिनिटे तापवल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का पेटीवर असावा लागतो, कारण कच्च्या लाकडातून किडे देशोदेशी पसरतात. ऑस्ट्रेलियासारखे देश तर बागकामाच्या बुटाला लागलेली माती आणि गवताची केरसुणीही अडवतात.

नव्या दारात गाडी उभी राहते तेव्हा घरची माणसे दमलेली असतात, हमालांना परत जायची घाई असते आणि ‘सर्व माल सुस्थितीत मिळाला’ या छापील ओळीखाली सही मागितली जाते. या वेळी दारात एक माणूस यादी घेऊन उभा राहिला आणि प्रत्येक नग उतरताना त्याने क्रमांकावर खूण केली, तर कमी आलेले खोके तेथेच कळते. चेपलेल्या खोक्यासमोर ‘बाहेरून चेपलेले, आत न तपासलेले’ असा शेरा मारून मग सही करता येते. नुकसानीचा दावा करायचा तर कायद्याने वाहतूकदाराला लेखी सूचना द्यावी लागते आणि तिची मुदत माल नोंदवल्याच्या तारखेपासून १८० दिवसांची असते. त्यापुढे ग्राहक म्हणून तक्रार करायची असल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती स्वतःच्या नव्या राहत्या जिल्ह्यातही दाखल करता येते आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर सल्ला घेता येतो. अनेक वाहतूकदारांच्या छापील अटींत तर नुकसान कळवायला दोन-तीन दिवसांचीच मुदत लिहिलेली असते. म्हणून पहिल्या आठवड्यात गादी आणि चहाची भांडी तेवढी सोडवून बाकीचे ‘सावकाश’ उघडू म्हणणाऱ्या घरांनी निदान ज्यांवर ‘काच’ लिहिले आहे ती खोकी तरी आधी फोडावीत. एरवी प्रत्येक बिऱ्हाडात दोन-तीन खोकी अशी निघतातच की जी पुढच्या बदलीपर्यंत माळ्यावरून उतरत नाहीत, आणि पुढची यादी करताना त्यांच्यासमोर आधीच्याच यादीतला मजकूर उतरवला जातो.